पाऊण सूत

कमलाकर पांचाळांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला ‘होणार नाही’ असं सांगितलं नव्हतं. पनवेलमध्ये ही गोष्ट कौतुकाने सांगितली जायची आणि सांगणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नसे. पळस्प्याच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती, शेडमध्ये वडिलांच्या वेळचं लेथ मशीन होतं, आणि दारात कुणी ना कुणी तुटकं लोखंड घेऊन उभं असायचं. कमलाकर ती वस्तू हातात घेत, उलटीपालटी करून पाहत आणि म्हणत, “होईल.” कधी उद्या होईल, कधी परवा होईल, पण होईल. माणसाला एखादी खोड असतेच. कुणाला तंबाखूची असते, कुणाला पत्त्यांची. कमलाकरांना ‘होईल’ची होती, आणि लोकांनी ती गुण म्हणून जोपासली होती.

त्र्याण्णव साली दसऱ्याच्या पाच दिवस आधी कामोठ्याच्या काशीराम गोवारींचा मुलगा केतन त्यांच्याकडे आला. काशीरामांचं मिठागर कधीच नव्या शहराच्या आखणीत गेलं होतं आणि आता ते बिल्डरांना खडी-मुरूम पुरवत. केतनने खंडाळ्याच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. दोन दारं, दोनच सीटा, वर टप नाही, बसलं की बूड जमिनीला लागतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. वीस वर्षं ती ताडपत्रीखाली निजली होती. इंजिन मुंबईच्या एका मेकॅनिकने जागं केलं होतं, रंगही लाल लावून झाला होता. अडलं होतं ते चाकांपाशी. खंडाळ्याच्या पावसाने रिमा इतक्या खाल्ल्या होत्या की बोटाने दाबलं तर पापुद्रा निघायचा. तसली चाकं इथे मिळत नव्हती. कुर्ल्याचं भंगार पालथं घालून केतन शेवटी फियाटची चार चाकं घेऊन आला होता, पॉलिश मारून आरशासारखी केलेली.

“बसतील ना, काका?” त्याने विचारलं.

कमलाकरांनी एक चाक उचलून लावून पाहिलं. गाडीला चार स्टड, म्हणजे चाक अडकवायचे आट्यांचे खुंट, आणि चाकाला चार भोकं, इथवर सगळं जुळत होतं. पण तीन स्टड भोकात शिरले की चौथा अडायचा, आणि चौथा शिरवला की पहिला रुसायचा. त्यांनी समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर मोजलं, मग समोरासमोरच्या स्टडांमधलं मोजलं. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि फरक होता त्या सुताच्याही पाऊण. सुताराने एवढा फरक रंधा मारून विसरून टाकला असता. चाकाच्या कामात मात्र तो विसरायचा नसतो, हे कमलाकरांना पुरतं ठाऊक होतं.

खरा उपाय एकच होता. जुनी भोकं वेल्डिंगने बुजवायची, तोंड साफ करायचं, नव्याने आखणी करून नवी भोकं पाडायची. एका चाकाला दोन दिवस, म्हणजे चार चाकांना आठ.

“दसऱ्याला गाडी बाहेर काढायची हाय,” केतन म्हणाला. “बाबांनी गावाला सांगून ठेवलंय. पयला कर्नाळ्याला जायचं, देवीला नारळ द्यायचा, मंग आईला बसवून नेऱ्याला तिच्या माहेरी न्यायची. तिचे भाऊ अजून बोलतात, मिठागरवाल्याच्या घरात पोरगी दिली म्हणून. होईल ना तंवर?”

आता इथे बोलायचं एवढंच होतं की दसऱ्यापर्यंत होणार नाही. अवघे तीन शब्द. ते कमलाकरांच्या घशापर्यंत आले, तिथे त्यांना घरच्यासारखं वाटलं नाही आणि ते परत गेले.

“होईल,” कमलाकर म्हणाले.

मग त्यांनी केलं काय, तर गोल कानस घेऊन भोकं लांबट केली. वेल्डिंग नाही, नवी भोकं नाहीत, नुसती कानस. लांबट भोकांत चारही स्टड आज्ञाधारकपणे शिरले. नट आवळले, चाक फिरवलं, फिरलं. बघणाऱ्याला खोट दिसली नसती. पण नटाचं निमुळतं तोंड भोकात चारी बाजूंनी टेकायला हवं, ते आता दोनच बाजूंनी टेकत होतं. असा नट आवळलेला राहत नाही. चाक फिरेल तसा तो हळूहळू सुटतो आणि मग एक दिवस चाक गाडीला रामराम करून आपल्या वाटेने जातं. कमलाकर मनाशी म्हणाले, दसरा होऊ दे, मग गाडी परत मागवून नीट करू. हे ते मनाशीच म्हणाले. केतनला त्यांनी सांगितलं, “जरा जपून चालव. आणि नवमीला संध्याकाळी गाडी आण, नट पुन्हा एकदा आवळू.” जपून चालव हे तर तरण्या पोराला येणारा-जाणारा सांगत असतो. ते कुणी ऐकत नाही.

नवमीच्या संध्याकाळी केतन आला नाही. तो गाडीला झेंडूच्या माळा बांधत बसला होता. इकडे दिवेलागणीला कुमुदने, म्हणजे कमलाकरांच्या बायकोने, शेड झाडून हत्यारं मांडली. पाने, कानशी, हातोडे, सगळं धुऊन पुसून पाटावर ठेवलं, लेथला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. खंडेनवमीला हत्यार देवापुढे ठेवलं की दसऱ्याचा सबंध दिवस त्याला हात लावायचा नाही, एकादशीला सकाळी उचलायचं, हा पांचाळांच्या घरचा नेम. तीन पिढ्यांत तो मोडला नव्हता. कमलाकर दारात उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. अंधार पडला तेव्हा ते आत आले.

दसऱ्याला दुपारी दोनच्या सुमाराला लाल गाडी शेडपुढे येऊन थांबली. केतन उतरला, वाकून पाया पडला.

“चला काका. पयला मान तुमचा.”

“माझा कसला मान?”

“आमच्यात नवी होडी पाण्यात घातली का सुताराला आधी बसवतात. आजा सांगायचा, ज्यानं जोडली त्यानं पयलं पाणी बघायचं. आता होडी नाय, गाडी हाय. मिस्त्री तुमी.”

कुमुद आतून टोपी घेऊन आली. पंचवीस वर्षांत नवऱ्याला कुणी असा मान दिल्याचं तिने पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेजारचा पानवाला बाहेर आला होता, समोरचे सायकलवाले उदयसिंह दुकानाच्या पायरीवर उभे होते.

“गाडीत पाना आहे का?” कमलाकरांनी विचारलं.

“पूजेत हाय. बाबांनी जॅकपासून सगळं मांडलंय.”

कमलाकर शेडमध्ये वळले. पाटावर त्यांचे पाने ओळीने पडले होते, प्रत्येकावर झेंडूचं फूल. हवा होता तो पाना तिसरा होता. हात लांब केला असता तर चार मिनिटांचं काम होतं. सोळा नट, चार मिनिटं. पण मग कुमुद विचारणार, उदयसिंह विचारणार, केतन विचारणार, की कमलाकर, असं काय घडलं की दसऱ्याला हत्यार उचललंत? आणि त्याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं, हीच पंचाईत होती.

“काय हवंय?” कुमुदने मागून विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले, आणि टोपी घालून गाडीत जाऊन बसले.

बसले म्हणजे अडकलेच. सीट खोल, गुडघे पुढे चेपलेले, दाराची कडी बाहेरून उघडणारी. डाव्या पायाच्या पलीकडे हातभर अंतरावर त्यांनीच बसवलेलं पुढचं चाक. पळस्प्यापर्यंत केतनने गाडी मिरवत नेली, लोक वळून बघत होते, पोरं ओरडत होती. पळस्पे फाटा ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले तसा त्याने पाय दाबला. वारा टोपीत शिरला. कमलाकरांनी टोपी काढून मांडीखाली घेतली आणि कान चाकाकडे लावला.

पहिले दोन-तीन मैल काही नव्हतं. मग आवाज आला, अगदी बारीक, टक्, टक्. केतनला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ज्या माणसाची हयात लोखंडाचं कण्हणं ऐकण्यात गेली त्याला तो ढोलासारखा ऐकू आला. समोरून कोकणातून आलेले ट्रक धडाधड निघून जात होते. त्यांना मरणाची भीती वाटत होती, ती वाटणारच. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि तिची त्यांना जास्त लाज वाटली. त्यांना वाटत होतं, आता सांगितलं तर हा पोरगा आपल्याकडे कसा बघेल. मृत्यू हातभर अंतरावर टकटक करतोय आणि हे गृहस्थ अब्रूचा विचार करतायत. माणूस असा आहे, त्याला काय करणार.

“केतन, जरा हळू. वाऱ्याने डोकं दुखतंय माझं.”

“पोचलोच, काका,” केतन म्हणाला, आणि थोडा हळू झाला, म्हणजे न झाल्यासारखाच.

कर्नाळ्याला ते पोचले. अभयारण्याच्या फाटकापाशी गाडी थांबली. देवीच्या दिशेने, किल्ल्याच्या सुळक्याकडे तोंड करून केतनने हात जोडले, रस्त्याच्या कडेला नारळ फोडला. गाडीभोवती सहलीला आलेल्या माणसांचा घोळका जमला आणि केतन त्यांना गाडीची कुंडली सांगू लागला. कमलाकर धोतर सावरत पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले, चपलेत खडा गेल्यासारखं करून. त्यांनी नटाला बोटं लावली. नट फिरला. जो नट सुटायला हातभर लांब पान्यावर पाय द्यावा लागतो, तो बरणीच्या झाकणासारखा फिरला. दुसराही फिरला. त्यांनी रुमाल गुंडाळून दोन्ही नट जीव खाऊन आवळले. बोटांची सालं निघाली. बोटांनी आवळलेला नट किती मैल टिकणार याचा हिशेब त्यांना येत होता आणि तो त्यांनी केला नाही.

इथे सांगायचं होतं. रस्त्यावर एखादा ट्रकवाला थांबवून पाना मागता आला असता. केतन नारळाचं खोबरं घेऊन हसत आला, त्याने आपट्याची दोन पानं कमलाकरांच्या हातात ठेवली आणि परत पाया पडला.

“काका, तुमी नसता तर ही गाडी आज पण ताडपत्रीखालीच असती.”

त्यावर कमलाकरांच्या तोंडून जे निघालं ते खरं नव्हतं, पण खऱ्यासारखं शहाणपणाचं होतं. “हे बघ, नवी चाकं आहेत. पहिले वीस मैल ती बैलगाडीच्या चालीने न्यायची असतात. बसायला वेळ लागतो त्यांना.”

“असं होय,” केतन म्हणाला. त्याने मीटर पाहिला, आकडा लक्षात ठेवला आणि खरोखर बैलगाडीच्या चालीने गाडी परत आणली. मागून हॉर्न वाजत होते, लोक शिव्या देत पुढे जात होते, केतन शांत होता. मिस्त्रींनी सांगितलं म्हणजे त्याला कारण असणार. कमलाकरांना वाटलं, सुटलो. पनवेल आलं तेव्हा ते म्हणाले, “मला इथेच सोड.” पण केतनने ऐकलं नाही. पहिला मान घेतलेल्या मिस्त्रीला घरी नेऊन ओवाळायचं असतं, आई थांबलीये, असं म्हणून त्याने गाडी सरळ कामोठ्याला नेली.

गोवारींच्या अंगणात पन्नासेक माणसं होती. केतनची आई जनी नवं हिरवं लुगडं नेसून ताट घेऊन उभी होती. शेजारी तिची मुलगी दिपिका, हातात आईबरोबर नेऱ्याला पाठवायची आपट्याच्या पानांची पिशवी. जनीने कमलाकरांना ओवाळलं, नारळ दिला, मग ताट दिपिकाकडे देऊन ती गाडीकडे निघाली. चालताना ती पदर पुनःपुन्हा सारखा करत होती. माहेरच्या रस्त्याने कशी बसून जायची ते तिने बहुधा आरशात करून पाहिलं होतं.

केतनने मीटरवर बोट ठेवलं. “काका, कर्नाळ्याला जाताना अकरा झाले, येताना अकरा. वीस मैल वर झाले. आता सोडू ना मोकळी?”

वीस मैलांचा आकडा कमलाकरांनीच दिला होता. ती लबाडी त्यांना घरापर्यंत आणणार होती, तीच आता जनीला गाडीत बसवायला निघाली होती.

“वहिनी, बसू नका,” ते म्हणाले.

“का, भाऊ?”

“ही चाकं या गाडीला होणार नाहीत.”

मग काशीराम मोठ्याने हसले आणि त्यांच्यामागून सगळे हसले. “मिस्त्री मस्करी करतात,” काशीराम म्हणाले. “अवो, आताच बसून आलात ना? तुमी जोडलाय, मंग झालं.”

“मी खरं सांगतोय.”

“नजर लागू नये म्हणून बोलत असतील,” कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने सांगितलं, मोठा कारागीर आपल्या कामाला कधी चांगलं म्हणत नाही. जनी तर हसत पाय आत घेऊन बसलीसुद्धा. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते, त्यामुळे आज ते खरे असतील हे कुणाच्या डोक्यात शिरेना. केतनने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

मग कमलाकर गुडघ्यावर बसले. ज्याने दुपारी पाटावरच्या पान्याला हात लावला नव्हता त्याला आता पान्याची गरजच नव्हती. त्यांनी पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला तीन बोटं लावली आणि फिरवला. फिरवत फिरवत काढला आणि वर करून जनीच्या हातात दिला. मग दुसरा काढला. मग तिसरा. चौथ्याला थोडा जोर लागला. चारही नट जनीच्या नव्या लुगड्यात पडले, अजून गरम होते. कमलाकरांनी चाकाला वरून ढकललं तसं ते स्टडांवर खुळखुळलं, आणि तो आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

केतनने इंजिन बंद केलं. जनी गाडीतून उतरली. तिने नट मोजले नाहीत की टाकले नाहीत, तशीच ओच्यात धरून उभी राहिली.

“कधीपासून ठाऊक होतं?” काशीरामांनी विचारलं. आता त्यांचा आवाज हळू होता.

“कानस मारली तेव्हापासून.”

“मंग तुमी बसलात कशाला?” हे केतनने विचारलं. तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. “काका, मी ऐंशीनं चालवत होतो. तुमी शेजारी बसला होतात. बोलला का नाय?”

“मला नाही म्हणता येईना.”

“मराया तयार झालात, पण नाय म्हणाया नाय?”

कमलाकरांनी हो म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, आता हे लोक ओरडतील, कुणी हात उगारेल, आणि ते बरं झालं असतं. पण तसं काही झालं नाही. काशीराम वाकून ते चाक स्वतः हलवून बघत म्हणाले, “आमच्या डंपरच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुमी जोडलाय. श्रावणात. तो?”

कमलाकरांनी आठवून पाहिलं. “तो बदलून घ्या,” ते म्हणाले. “उद्याच बदला.”

घोळक्यातून एक माणूस पुढे आला. शिवा, ट्रॅक्टरवाला. “माजा हूक?”

“तुझा चांगला आहे.”

“शाळंच्या फाटकाचं बिजागर?” आणखी कुणीतरी विचारलं.

“ते पुन्हा करायला हवं. तेव्हा घाई होती.”

असं चाललं. एकेक जण विचारत होता आणि कमलाकर अंगणात उभे राहून सांगत होते, हे चांगलं, ते बदला, ते मी केलंच नाही. खोटं त्यांनी एकही सांगितलं नाही. शेवटी वेणू भगत पुढे आली. नवरा गेल्यापासून गावातली भातगिरणी ती एकटी चालवत होती. तिच्या गिरणीचा शाफ्ट गेल्या वर्षी तुटला होता, तेव्हा कमलाकरांनी पाच दिवस दुसरं काही हातात घेतलं नव्हतं. एकदा मनासारखा आला नाही म्हणून अर्धा झालेला शाफ्ट फेकून त्यांनी नव्याने सुरुवात केली होती. एवढं चांगलं काम आपल्या हातून दुसरं झालेलं नाही, असं ते कुमुदला सांगत.

“आणि माजा?” वेणूने विचारलं.

“तुमचा उत्तम आहे, वेणूताई. त्याला काही होणार नाही. माझ्यामागे वीस वर्षं चालेल.”

वेणूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ती नुसती विचार करत होती.

“असेल,” ती म्हणाली. “पण उद्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घेते.”